ह्वे की होई आन : एक मोडलेली राजधानी आणि एक थांबलेले बंदर

व्हिएतनामच्या मध्य किनारपट्टीवर, रस्त्याने एकमेकांपासून सुमारे १३० किलोमीटर अंतरावर असलेली ह्वे आणि होई आन ही दोन शहरे सहलीच्या पत्रकांत बहुधा एकाच ओळीत छापलेली असतात, आणि हाताशी दिवस थोडे असले की प्रवासी त्यांतले एक ठेवून दुसरे गाळतो. ही निवड पुष्कळदा छायाचित्रे पाहून केली जाते आणि त्या कसोटीवर होई आन सहज सरस ठरते, कारण पिवळ्या भिंतींच्या गल्ल्या, कौलारू छपरे आणि नदीच्या पाण्यात उतरलेले रंगीत कंदिलांचे प्रतिबिंब यांच्यापुढे ह्वेच्या काळवंडलेल्या तटभिंती फिक्या वाटतात. ह्वे (नकाशांत आणि पत्रकांत हे नाव ‘ह्यू’ किंवा ‘हुए’ असेही दिसते) ही व्हिएतनामच्या शेवटच्या राजघराण्याची राजधानी होती, तर होई आन हे परदेशी व्यापाऱ्यांचे बंदर होते. सत्ता तिथे होती म्हणून राजधानीवर घाव पडले, आणि व्यापार आटला म्हणून बंदर जवळजवळ जसेच्या तसे उरले. एवढे ध्यानात घेतले, तर कोणत्या शहरात काय पाहायला मिळेल आणि काय मनाने उभे करावे लागेल, याचा अंदाज आधीच बांधता येतो.

या दोन शहरांच्या मधोमध त्रुओंग सोन पर्वतरांगेचा एक फाटा थेट समुद्रात उतरतो आणि त्यावरून जाणाऱ्या घाटाला हाई वान, म्हणजे समुद्र आणि ढग यांचा घाट, असे म्हणतात. हा भूभाग पूर्वी चंपा या राज्यात मोडत होता. चंपा हे संस्कृत कोरीव लेख लिहवून घेणाऱ्या आणि शिवाची उपासना करणाऱ्या चाम लोकांचे राज्य होते. इ. स. १३०६ मध्ये चंपाचा राजा जयसिंहवर्मन तिसरा याने हुएन त्रान या व्हिएतनामी राजकन्येशी विवाह करताना घाटाच्या उत्तरेकडचे दोन प्रांत वधूमूल्य म्हणून दिले आणि आजच्या ह्वेचा परिसर त्या मार्गाने व्हिएतनामकडे गेला. घाटाच्या दक्षिणेचा होई आनचा प्रदेश मात्र पंधराव्या शतकात लढाईने जिंकला गेला.

होई आनची भरभराट थू बोन नदीच्या मुखामुळे झाली. सोळाव्या आणि सतराव्या शतकांत चिनी, जपानी आणि पुढे युरोपीय गलबते रेशीम, चिनी माती आणि मसाल्यांच्या व्यापारासाठी येथे लागत, आणि परतीच्या वाऱ्यांची वाट पाहत व्यापारी महिनोन्‌महिने मुक्काम करत. या सक्तीच्या मुक्कामातूनच गावात परदेशी वस्त्या वाढल्या. परंपरेनुसार १५९३ च्या सुमारास बांधला गेलेला जपानी पूल, ज्याच्यावर छप्पर आणि पोटात छोटे देऊळ आहे, हा त्यांतल्या एका वस्तीचा अवशेष होय. दीर्घ दुरुस्तीनंतर तो २०२४ मध्ये पुन्हा खुला झाला. जपानने १६३५ मध्ये आपल्या प्रजेला परदेशी जाण्यास बंदी केल्यावर जपानी वस्ती ओसरली, चिनी मात्र टिकले आणि त्यांनी आपापल्या प्रांतांच्या नावाने सभागृहे उभारली. या सभागृहांना देऊळ, धर्मशाळा आणि व्यापारी पंचायत या तिन्हींचे मिश्रण म्हणता येईल. त्यांतल्या फूच्येन प्रांताच्या सभागृहात खलाशांचे रक्षण करणाऱ्या थिएन हाऊ देवीची पूजा होते, आणि किनाऱ्यावरून आलेल्या माणसांनी समुद्राची भीती कशी सोबत आणली होती हे तिथे फार स्पष्ट दिसते.

अठराव्या शतकाच्या अखेरीस यादवीत गावाची हानी झाली, पुढे नदीचे मुख गाळाने भरत गेले, मोठ्या जहाजांना आत येणे अशक्य झाले, आणि फ्रेंचांनी १८८८ मध्ये शेजारचे दा नांग आपल्या ताब्यात घेऊन तिथे बंदर वाढवल्यावर होई आनला कोणी विचारेना. नव्या इमारती बांधण्यासाठी जुन्या पाडाव्यात एवढा पैसाच गावात उरला नाही, आणि त्यामुळेच सुमारे ११०० लाकडी सांगाड्याच्या इमारती विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत पोहोचल्या. त्या पुढेही टिकल्या याचे श्रेय स्थानिक लोकांइतकेच काझिमिएश क्वियात्कोव्स्की या पोलिश वास्तुविशारदाला दिले जाते, ज्याने आयुष्याची अखेरची वर्षे होई आन, चाम देवळांचे मी सोन आणि ह्वे येथील वास्तूंच्या जतनासाठी वेचली आणि १९९७ मध्ये ह्वे येथेच देह ठेवला. होई आनमध्ये त्याचा पुतळा आहे. १९९९ मध्ये युनेस्कोने गावाला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. तेव्हापासून पर्यटन हाच तिथला मुख्य व्यवसाय झाला असून जुन्या पेठेतल्या बहुतेक घरांच्या ओटीवर आता दुकान, शिंप्याची पेढी किंवा कॉफीगृह आहे. संध्याकाळी सहानंतर तिथे चालणे गर्दीतून वाट काढण्यासारखे असते, आणि हीच पेठ सकाळी सहा वाजता पाहिली तर दारे उघडणारी, अंगण झाडणारी, बाजाराला निघालेली माणसे दिसतात. होई आन निवडणाऱ्याने तिथे रात्रीचा मुक्काम अवश्य करावा, कारण ती सकाळ दा नांगहून दिवसभरासाठी येणाऱ्याच्या वाट्याला येत नाही.

ह्वेचा इतिहास याच्या नेमक्या उलट्या दिशेने गेला. १८०२ मध्ये जिया लाँग या सम्राटाने संपूर्ण देश एका अंमलाखाली आणून न्गुयेन घराण्याची स्थापना केली आणि ह्वोंग, म्हणजे सुगंधी, नदीच्या काठी नव्या राजधानीचे काम १८०५ मध्ये सुरू करविले, जे १८३२ पर्यंत चालले. बाहेरचा सुमारे दहा किलोमीटर घेराचा कोट, त्याच्या आत राजनगरी आणि तिच्याही आत केवळ राजपरिवारासाठी राखलेली ‘निषिद्ध जांभळी नगरी’ अशी ही एकात एक रचना आहे. बाहेरच्या कोटाचे बुरूज फ्रेंच दुर्गशास्त्रानुसार तारांकित आहेत, तर आतल्या महालांची मांडणी चिनी राजशिष्टाचाराला धरून आहे. तेरा सम्राटांच्या या घराण्याचा शेवट याच जागी झाला: ३० ऑगस्ट १९४५ रोजी बाओ दाई याने न्गो मोन, म्हणजे मध्यान्ह, दरवाजावरून पदत्याग जाहीर करून राजमुद्रा आणि तलवार क्रांतिकारकांच्या हाती दिली.

त्यानंतरच्या तेवीस वर्षांत राजनगरीचा बहुतांश भाग नष्ट झाला. १९४७ मध्ये फ्रेंचांशी चाललेल्या लढाईत आतले महाल जळाले. १९६८ मध्ये तेतच्या, म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या, सणात उत्तरेच्या फौजांनी शहर घेतले आणि अमेरिकी व दक्षिण व्हिएतनामी सैन्याने सुमारे चार आठवडे घरोघर लढून ते परत मिळवले, ज्यात हजारो नागरिकांचा जीव गेला. त्यामुळे निषिद्ध नगरीत आजही मोठी मैदाने, नुसती जोती आणि त्यांवर उगवलेले गवत दिसते. थाई होआ हा सिंहासनाचा महाल आणि किएन त्रुंग महाल यांचे काम पुरे होऊन ते २०२४ मध्ये पुन्हा खुले झाले आहेत. पन्नास दालनांच्या अखंड राजवाड्याची अपेक्षा ठेवून येणाऱ्याची इथे निराशा होते. रायगडावर होळीचा माळ, बाजारपेठेची जोती आणि सदरेची जागा पाहताना ज्याला मधले रिकामेपण वाचता येते, त्याला मात्र ह्वे कळायला फारसा वेळ लागणार नाही.

ह्वेचा खरा ठेवा शहराबाहेर, टेकड्यांमधल्या राजसमाध्यांत आहे. सम्राट आपल्या हयातीतच आपली समाधी आखून घेत, आणि तू दुक या सम्राटाची समाधी (१८६४ ते १८६७) तर त्याच्यासाठी विश्रामस्थानही होती, जिथे तो तळ्याकाठच्या मंडपात बसून काव्यरचना करी. तिच्या बांधकामासाठी मजुरांवर लादलेल्या कष्टांमुळे १८६६ मध्ये बंड झाले होते. तू दुकला मूल नव्हते, म्हणून पुत्राने लिहायचा गौरवलेख त्याला स्वतःच लिहावा लागला, आणि प्रचंड शिळेवर कोरलेल्या त्या लेखात त्याने स्वतःच्या चुकांची कबुली दिली. ज्याच्या काळात देशाचे दक्षिणेकडील प्रांत फ्रेंचांच्या ताब्यात गेले त्या राजाचा हा कबुलीजबाब झाडांच्या सावलीत उभा राहून पाहणे हा या प्रदेशातला सर्वांत हलवून टाकणारा अनुभव आहे. खाई दिन्ह याची काँक्रीटची समाधी (१९२० ते १९३१) काचा आणि चिनी मातीच्या तुकड्यांच्या जडावाने झगमगते, पण ती तू दुकच्या नंतर पाहावी, नाहीतर डोळे दिपतात आणि मन मागे राहते.

ऋतूच्या बाबतीत मराठी प्रवाशाची हमखास चूक होते, कारण आपल्याकडचा पाऊस संपला की दिवाळीच्या सुटीत निघायचे अशी सवय असते आणि मध्य व्हिएतनाममध्ये नेमके तेच दिवस अतिवृष्टीचे असतात. सह्याद्री जसा नैऋत्य मोसमी वाऱ्यांना अडवून कोकणात पाऊस पाडतो आणि देशावर कोरडी पर्जन्यछाया सोडतो, तसाच त्रुओंग सोन पर्वत उन्हाळ्यात पलीकडच्या लाओसमध्ये पाऊस अडवतो आणि अलीकडच्या किनाऱ्यावर भाजून काढणारे कोरडे वारे सोडतो. मग शरद ऋतूत ईशान्येचे वारे समुद्रावरून बाष्प घेऊन येतात तेव्हा हाच पर्वत ते किनाऱ्यावर अडवतो. सप्टेंबर ते डिसेंबर या महिन्यांत, विशेषतः ऑक्टोबर आणि नोव्हेंबरमध्ये, ह्वेमध्ये धो धो पाऊस पडतो आणि होई आनच्या पेठेत थू बोनचे पाणी शिरते. फेब्रुवारी ते एप्रिल हा काळ दोन्ही शहरांना उत्तम, फक्त तेतच्या आठवड्यात बरीच दुकाने बंद असतात हे ध्यानात ठेवावे. मे महिन्याची सुटी कोरडी पण तापलेली जाते, आणि तेव्हा समुद्रकिनारा हाताशी असल्याने होई आन सुसह्य ठरते.

शाकाहारी प्रवाशांनी मात्र ह्वेकडे झुकावे. या शहराला बौद्ध मठांची जुनी परंपरा आहे, अनेक घरांत अमावास्येनंतरच्या पहिल्या तिथीला आणि पौर्णिमेला शाकाहार पाळला जातो, आणि ‘चाय’ हा शब्द लिहिलेल्या खाणावळीत मासळीचा अर्क नसलेले जेवण खात्रीने मिळते. (तिथे चाय म्हणजे शाकाहार, चहा नव्हे.) होई आनचा प्रसिद्ध पदार्थ काओ लाऊ, म्हणजे राखेच्या पाण्यात भिजवलेल्या तांदळाच्या जाड शेवया, डुकराच्या मांसाबरोबर वाढला जातो.

होई आनच्या पारड्यात एक गोष्ट अशी आहे की जिच्यासाठी भारतीय प्रवाशाने तिथे जायलाच हवे, आणि ती म्हणजे सुमारे ४० किलोमीटरवरचे मी सोन. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात भद्रवर्मन या चाम राजाने तिथे शिवाचे देऊळ बांधले आणि स्वतःच्या नावाशी ईश्वर जोडून देवाला भद्रेश्वर म्हटले. नंतरची सुमारे नऊशे वर्षे तिथे देवळे उभी राहत गेली. चुन्याचा थर डोळ्यांना दिसत नाही अशा त्या विटांच्या मनोऱ्यांपैकी कित्येक १९६९ च्या बाँबहल्ल्यांत कोसळले. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने अलीकडे तिथे काही समूहांची दुरुस्ती केली आणि २०२० मध्ये त्या कामात नवव्या शतकातले अखंड शिवलिंग सापडले.

पाच दिवस असतील तर दोन्ही शहरे पाहावीत. तीनच दिवस असतील आणि सोबत लहान मुले किंवा चालण्याचे श्रम नको असलेली वडीलधारी माणसे असतील तर होई आन हीच योग्य निवड. अन्यथा ह्वेला दोन रात्री द्याव्यात, कारण होई आनचे सौंदर्य पहिल्या तासातच पुढे येते, आणि ह्वेला ते दाखवायला दुसरा दिवस लागतो. दोन्ही करणाऱ्यांनी होई आनपासून आरंभ करून दा नांगहून आगगाडीने ह्वेला जावे, बोगद्यातून घाट टाळणाऱ्या मोटारीने जाऊ नये. सुमारे अडीच ते तीन तासांच्या त्या प्रवासात उजव्या बाजूची खिडकी मागून घ्यावी, म्हणजे हाई वानच्या कड्यावरून गाडी वळसे घेत चढते तेव्हा खाली समुद्र बराच वेळ सोबत राहतो.