तंजावरचा सरस्वती महाल : ताडपत्रे आणि मोडीचे रुमाल

भारतातील जी जुनी राजग्रंथालये आजही मूळ राजवाड्यातच नांदत आहेत, त्यांत तंजावरच्या सरस्वती महालाचे स्थान फार वरचे आहे. आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने तर त्याला आणखी एक महत्त्व आहे, ते असे की तमिळ मुलखाच्या मध्यभागी मराठी कारभाराचे, वैद्यकाचे आणि नाटकांचे कागद येथे मोठ्या प्रमाणावर टिकून राहिले. सोळाव्या शतकापासून नायक राजांनी जमवलेला हा संग्रह व्यंकोजीराजांनी तंजावर घेतल्यावर भोसले घराण्याकडे आला, १९१८ मध्ये तो सर्वांसाठी खुला झाला आणि १९८३ मध्ये त्याला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा मिळाला.

या संग्रहाला आजचे रूप दिले ते दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२). १७९९ च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजांच्या हाती किल्ला, वाडा व तनखा एवढेच उरले. परंतु श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली शिकलेल्या या राजाने उरलेली सत्ता विद्येच्या कामी लावली, काशीयात्रेत पोथ्या विकत घेतल्या, ज्या विकत मिळेनात त्यांच्या नकला करवून घेतल्या, आणि युरोपातून मागवलेल्या ग्रंथांवर स्वतःची इंग्रजी सही केली. त्यांच्या छापखान्यात इसापाच्या गोष्टींचे ‘बालबोध मुक्तावली’ हे मराठी भाषांतर १८०६ मध्ये छापले गेले. पुढे लांडगे, कागलकर, पतंग अवधूत अशा खाजगी संग्रहांचीही भर पडली. आज सुमारे ४९,००० हस्तलिखितांपैकी ३९,००० हून अधिक संस्कृत आणि ३,००० हून अधिक मराठी आहेत.

पाहुण्यास यांतील थोडाच भाग संग्रहालयाच्या दालनात पाहावयास मिळतो, पण तेथील ताडपत्रे जवळून न्याहाळली तरी एका विलक्षण तंत्राची ओळख पटते. ताडाची किंवा श्रीतालाची कोवळी पाने कापून, उकळून, वाळवून आणि घासून गुळगुळीत केली जात. मग लोखंडी लेखणीच्या टोकाने, शाईचा थेंबही न वापरता, त्यांवर अक्षरे कोरली जात. अशी कोरीव अक्षरे नुसत्या डोळ्यांना जवळजवळ दिसत नाहीत. तेलात कालवलेली काजळी पानावर चोळून पुसून टाकली की पृष्ठभाग स्वच्छ होतो, काजळी फक्त खोबणीत राहते आणि ओळी एकाएकी काळ्याभोर उमटतात. पाने भोकातून ओवलेल्या दोरीने एकत्र ठेवून दोन फळ्यांमध्ये बांधली जातात, आणि ती कोरडी पडून तडकू नयेत व किडीने खाऊ नयेत म्हणून त्यांना अधूनमधून गवती चहाच्या जातीच्या सुगंधी गवताचे तेल लावले जाते.

पानाचे तंतू लांबीच्या दिशेने धावत असल्याने त्याच दिशेने सरळ रेघ ओढली की पान चिरते, आणि दक्षिणेतील लिपींच्या गोलाईमागे हे एक कारण असावे असे मानले जाते. शिरोरेषेवर उभी असलेली देवनागरी अशा पानाला साहजिकच मानवत नाही. म्हणून येथील ताडपत्रांवरील संस्कृत मुख्यत्वे ग्रंथ, तेलुगू अशा लिपींत सापडते, तर मराठी कागदावर उतरलेली दिसते.

कागदावरील या मराठीचा मोठा भाग मोडी लिपीत आहे, आणि दरबारी कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, हा सरस्वती महालाचा सर्वांत कमी वाचला गेलेला ठेवा आहे. त्यांत अन्नछत्रांचे हिशेब आहेत, नोकरचाकरांचे पगार आहेत, वाड्यातील रोजचा खर्च आहे. एखाद्या काळातील माणसे काय खात, कोणत्या कामाला किती मोल मिळे, हे राजांच्या चरित्रापेक्षा अशाच कागदांतून अधिक खात्रीने कळते. सरफोजींच्या देखरेखीखाली उपचार झालेल्या नेत्ररोग्यांच्या नोंदी, रोगट डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, याच ग्रंथालयात आहेत.

अडचण अशी की मोडी जलद लिहिण्यासाठी घडलेली लिपी आहे, आणि लिहिणाऱ्याची सोय ही वाचणाऱ्याची गैरसोय ठरते. लेखक आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेई आणि लेखणी शक्य तो न उचलता त्याखाली अक्षरे गुंफीत जाई. शब्दांमध्ये अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाही, आणि नित्याचे शब्द संक्षेपाने लिहिलेले. तंजावरच्या कागदांत त्यावर आणखी एक थर चढतो : तमिळ गावांची नावे, चक्रम आणि पणम ही स्थानिक नाणी, आणि अरबी संख्यावाचक शब्दांत लिहिलेला शुहूर सन. त्यामुळे नुसती लिपी येऊन भागत नाही. जुनी दरबारी मराठी, कालगणना आणि थोडीबहुत तमिळ असे सगळे एकाच वाचकाजवळ असावे लागते.

असे वाचक घडवणारी व्यवस्था विसाव्या शतकाच्या मध्यावर मोडी शाळांतून गेली तेव्हाच खिळखिळी झाली. संस्कृत पोथ्यांना बर्नेल या इंग्रज अभ्यासकाची १८८० ची सूची आणि नंतरच्या वर्णनात्मक सूचीचे अनेक खंड लाभले, परंतु मोडी कागदांच्या वाट्याला तेवढे श्रम आले नाहीत; निवडक कागदांचे तमिळ भाषांतर प्रसिद्ध केले ते तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने, ही गोष्ट मराठी विद्यापीठांनी मनाला लावून घ्यावी अशी आहे. कागदांची छायाचित्रे घेतल्याने त्यांची हाताळणी कमी होते, हे खरे. पण न वाचलेला रुमाल छायाचित्रातही न वाचलेलाच राहतो.

मोडीचे वर्ग महाराष्ट्रात आजही भरतात आणि ते शिकणाऱ्यांत हौशी मंडळी बरीच असतात. त्यांतील काहींना तंजावरच्या कागदांवर काम करण्यासाठी शिष्यवृत्ती, तमिळ जाणणारा सहकारी आणि काही वर्षांची निश्चिंती देणे हे कोणत्याही विद्यापीठाच्या आवाक्यातील काम आहे, आणि ते आता आणखी लांबणीवर टाकू नये.