सातबारा उरला, फेरफार गेला

7 एप्रिल 2025 ला फायलींच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटला वीस वर्षं झाली. त्याच महिन्यात आमच्या ऑफिसातल्या नव्या पोराने बिलिंगचा जुना प्रोग्राम गिटवर चढवला आणि मोठ्या हौसेने मला दाखवला. इतिहासात नोंद एकच: ‘फर्स्ट कमिट’. विचारलं, जुन्या नोंदींचं, आरसीएसचं फोल्डर कुठंय? म्हणाला, “काका, त्यात शेवटी कॉमा-व्ही लागलेल्या कसल्यातरी फायली होत्या. उडवल्या.”

घरी शेती असलेल्याला यातलं दुखणं लगेच कळेल. आज जमीन कोणाच्या नावावर आहे ते सातबारा सांगतो. ती त्याच्याकडे कधी आणि कशी आली, ते गाव नमुना सहामध्ये, फेरफारात. पोराने सातबारा ठेवला आणि फेरफाराची वही रद्दीत घातली.

फायलींचे फेरफार ठेवायची युक्ती जुनी आहे. 1972 मध्ये बेल लॅब्जमध्ये मार्क रॉकाइंड यांनी एससीसीएस लिहिलं, दहाएक वर्षांनी पर्ड्यू विद्यापीठात वॉल्टर टिची यांनी आरसीएस. पुढे सीव्हीएस आलं, सबव्हर्जन आलं. ते सर्व्हरवाल्यांचं प्रकरण, मला त्यात रस नव्हता. जळगावात आमच्याकडे एक संगणक, एक कुरकुरणारा युपीएस आणि पीसीक्वेस्ट मासिकाबरोबर आलेली लिनक्सची सीडी होती. तेवढ्यावर आरसीएस आरामात चालायचं. शेवटची फाईल ते पूर्ण ठेवायचं, मागच्यांचा फक्त फरक.

माझी वर्षं 1999 ते 2009. गिऱ्हाइकं म्हणजे डाळमिलवाले, पाइपांचे डीलर, हार्डवेअरची दुकानं. मे महिन्याचं जळगावचं ऊन, त्यात लोडशेडिंग, म्हणून काम रात्री. ‘सीआय’ ही आज्ञा दिली की आरसीएस बदलाचं कारण विचारायचं. आपण लिहायचं आणि पुढच्या ओळीवर नुसतं टिंब देऊन एंटर मारायचा. पहिल्याच रात्री मी ‘डॅश एल’ द्यायला विसरलो आणि बिलाची फाईल डोळ्यांदेखत नाहीशी झाली. सकाळी ती मिलमध्ये बसवायची होती! तासभर घाम पुसल्यावर कळलं, हे व. वा. वाचनालयासारखं आहे: पुस्तक जमा झालंय, ‘सीओ’ म्हणून परत मागायचं.

1 एप्रिल 2005 ला विक्रीकर जाऊन व्हॅट आला. चार टक्के, साडेबारा टक्के, कोणता माल कशात यावर रोज नवा फोन. बिटकीपर या तसल्याच प्रोग्रामची फुकट परवानगी गेली म्हणून लिनक्सवाले लिनस टोरवाल्ड्स त्याच दिवसांत गिट लिहायला बसले होते, हे मला फार उशिरा कळलं. इकडे दिवसाला आठ-दहा नोंदी पडत होत्या. ‘शेठचा फोन. पैसे वरच्या रुपयात नको, खालच्या. गिऱ्हाईक कुरकुरतं.’ अशा.

माझी काळी स्क्रीन बघून पुण्याचे एक सल्लागार तेव्हा हसले होते. त्यांच्याकडे ‘बिल फायनल’, ‘बिल फायनल नवीन’, ‘बिल फायनल नवीन खरं’ अशी रांग. जूनमध्ये त्यांच्या एका गिऱ्हाइकाची बिलं जुन्या कराने छापून निघाली आणि खरं फायनल कोणतं, ते त्यांनाही सांगता येईना. तेव्हा मी गप्प बसलो. आता बोलून घेतो.

गिटवर माझा राग नाही. आरसीएसपेक्षा ते सगळ्याच बाबतीत सरस आहे. माझ्या जुन्या नोंदीही त्यात नेता आल्या असत्या. पण पोरं तिथे कारण म्हणून लिहितात ‘अपडेट’, नाहीतर ‘फिक्स’. हल्ली तर तेही एआयकडून लिहून घेतात. वाक्य सुरेख येतं, काय बदललं ते बिनचूक सांगतं. अहो, ते मला आरसीएसडिफ पंचवीस वर्षांपूर्वी दाखवत होतं. फोन कोणाचा आला होता, ते लिहा ना.

परवा तोच पोरगा आला. “काका, एका खात्याला हमाली लागतच नाही. ओळ मुद्दाम घातलेली दिसते. काढू का?”

ओळ माझीच होती. कधीची, कोणी सांगितलं म्हणून, काही केल्या आठवेना. ज्यांना माहीत असणार ते शेठ गेले. मिलच्या जागेवर मंगल कार्यालय झालंय.

“राहू दे,” म्हटलं.

त्याने त्या ओळीच्या डोक्यावर टीप टाकली: ‘काढू नये. काका म्हणाले.’