थंडीतल्या कोंबड्या : ऊब, हवा आणि मानमोडीची लस



गळीत हंगाम आणि थंडी आपल्याकडे बरोबरच येतात. दिवाळी झाली की सगळ्यांचे ध्यान तोड कधी मिळते याकडे. परसातल्या आठ-दहा कोंबड्यांकडे बघायला मालकाला सवड नसते. ते खाते घरच्या बायामाणसांकडेच. तेव्हा हा लेख त्यांना वाचून दाखवावा, नाहीतर अंक सरळ त्यांच्या हाती द्यावा.

कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या काठी भिजलेला ऊस आणि वाहते पाट यांमुळे पहाटे गारठा झोंबतो. डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली उतरतो. तरीपण मोठी कोंबडी नुसत्या थंडीने मरत नाही. तिच्या अंगाची उष्णता सुमारे ४१ अंश असते, आणि पिसे फुलवून ती त्यांच्यात हवा कोंडते. तीच तिची गोधडी. ही गोधडी ओली झाली किंवा वाऱ्याचा झोत थेट अंगावर आला, की मात्र काम बिघडते.

इथेच पुष्कळ घरांत उलटा उपाय होतो. गारठा वाढला की खुराडे चहूबाजूंनी गोणपाटाने गच्च बांधतात. आत कोंबड्यांच्या श्वासाची वाफ साचते, गादी ओलावते, विष्ठेतून अमोनिया सुटतो. सकाळी दार उघडताच नाकाडोळ्यांना झोंबते ना, तोच तो. माणसाला क्षणभर झोंबतो, कोंबडी रात्रभर त्यात बसते. डोळे चिकटणे, नाक वाहणे, घशात घरघर हे सारे त्यातून वाढते. म्हणून बारदान बांधावे ते कोंबड्या बसतात तेवढ्या उंचीपर्यंत. वर छपरालगत वीतभर जागा उघडी राहू द्यावी, पण तिला जाळी हवीच. बसायला आडवी काठी द्यावी म्हणजे त्या गार जमिनीवर बसत नाहीत.

खाली गादी कशाची करावी? भाताचे तूस मिळाले तर उत्तम. नाहीतर तोडीनंतर शेतात पाचट असतेच. (ते जाळू नका, हे आम्ही दर हंगामात सांगतो. दोन भारे परसात आणल्याने शेतातले आच्छादन काही कमी होत नाही.) अख्खे पाचट मात्र ओल शोषत नाही, म्हणून त्याची कुट्टी करून चांगले वाळवावे आणि चार बोटे जाड पसरावे. बुरशी धरलेले वापरू नये. ती बुरशी पिल्लांच्या फुप्फुसांत जाते. रोज सकाळी गादी खालवर करावी, ओला भाग काढून टाकावा. जुनी गादी उकिरड्यात कुजवून उसाला घातली तर शेणखतापेक्षा नत्र जास्त मिळते. ताजी घालू नये, मुळ्या पोळतात.

थंडीत अंडी कमी होतात आणि दोष गारठ्याला जातो. खरे कारण बरेचसे उजेडाचे आहे. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, तो डिसेंबरअखेर जेमतेम ११ तासांवर येतो. अंडी भरपूर यायला १४ तासांच्या पुढे उजेड लागतो. शिवाय पिसे झडून नवी येण्याचा काळ असला तर खाल्लेले पिसांकडे जाते. गावठी कोंबडीसाठी दिवा लावत बसू नये, तिला विसावा घेऊ द्यावा. गिरिराज, वनराजसारख्या सुधारित कोंबड्या जास्त संख्येने असतील तर पहाटे दोन-तीन तास दिवा लावावा. खाणे मात्र सर्वांचेच वाढवावे. संध्याकाळी कोंडण्याआधी मूठ-मूठ बाजरी किंवा मक्याचा भरडा टाकला, की पोटातले दाणे रात्रभर ऊब देतात. सकाळी पाणी कोमट द्यावे. गार पाणी कोंबडी कमी पिते, आणि पाणी कमी तर अंडे कमी.

पिल्लांची गोष्ट वेगळी. त्यांना पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला ३ अंश कमी चालते. खुडूक कोंबडी हे काम आपोआप करते. फक्त थंडीत तिच्याखाली अंडी थोडी कमी ठेवावीत, म्हणजे सगळी पंखाखाली मावतात. विकत आणलेल्या पिल्लांना जुना पिवळा बल्ब लावावा. हल्लीचे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब देत नाहीत. पिल्ले बल्बखाली गोळा झाली तर ऊब कमी, लांब पळून चोच उघडून बसली तर जास्त. कोळशाची शेगडी बंद खुराड्यात कधीही ठेवू नये. तिच्या धुराने पिल्ले गुदमरतात, आणि ठिणगी पाचटात पडली तर घरही जाते.

आता मुख्य धास्ती मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची. कुमाऊँतल्या राणीखेत गावाचे नाव त्याला मिळाले. हिरवट हगवण, लोंबते पंख, धाप, मान पिळवटणे ही लक्षणे. यावर औषध नाही. आठ दिवसांत वाडीतली खुराडी रिकामी होतात. लस हाच उपाय. पाच-सात दिवसांच्या पिल्लाच्या डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा एक थेंब, आणि दोन महिन्यांनंतर पंखाजवळ कातडीखाली टोचण. अडचण अशी, की लसीची कुपी १०० कोंबड्यांची असते आणि विरघळवल्यावर दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांसाठी ती कोण फोडणार? म्हणून वाडीतल्या दहा-बारा घरांनी एक दिवस ठरवावा, जनावरांच्या दवाखान्यात आधी सांगावे, आणि थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणावी. ऊन लागलेली लस म्हणजे नुसते पाणी. आजारी कोंबडीला टोचू नये. बाजारातून आणलेली कोंबडी पंधरा दिवस वेगळी ठेवावी. मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा पाटात टाकू नये, चुना घालून खोल पुरावी.

ती उसाच्या कडेलाही टाकू नये. वासावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या. हे जुन्नर-आंबेगावकरांना आम्ही सांगायला नको. तोडणीने त्याचा आडोसा जातो, त्या दिवसांत तो वस्तीजवळ फिरतो. खुराडे घराच्या भिंतीला लागून, जाळी जाड, दाराला कडी अशी सोय हवी. कोंबड्या दिवस मावळण्याआधीच कोंडाव्यात. रात्री कलकलाट झाला तर एकट्याने, विशेषतः पोरांनी, बाहेर जाऊ नये. घरातूनच दिवे लावावेत, आरडाओरडा करावा, शेजाऱ्यांना हाक द्यावी आणि वन खात्याला फोन करावा.