बाळाचं वजन हळू वाढतंय? आधी आलेख नीट वाचूया

बारशाला, लसीच्या रांगेत, सोसायटीच्या लिफ्टमध्ये, नव्या आईबापांना सगळीकडे एकच प्रश्न येतो, "वजन किती झालं?" उत्तर ऐकून समोरच्याचा चेहरा जरा जरी बदलला, तरी आईच्या पोटात गोळा येतो. त्यातून बाळ फक्त अंगावर पीत असेल तर पुढचं वाक्य ठरलेलं असतं, "दूध पुरत नसेल गं, वरचं सुरू कर." शेजारचं गुटगुटीत बाळ पुरावा म्हणून हजर असतंच.

हे सांगणाऱ्या आजी-मावश्यांची माया खरी असते. पण "वजन हळू वाढतंय" यामागे दोन अगदी वेगळ्या गोष्टी असू शकतात. एक म्हणजे बाळ लहान चणीचं आहे आणि आपल्या चालीने छान वाढतंय. दुसरी म्हणजे बाळाच्या पोटात खरंच पुरेसं दूध जात नाहीये. पहिल्या बाबतीत घाईने डबा आणला तर व्यवस्थित चाललेलं अंगावरचं दूध विनाकारण कमी होतं. दुसऱ्या बाबतीत "होईल हळूहळू" म्हणत बसलं तर बाळाला धोका असतो. म्हणून हा फरक ओळखता यायला हवा. मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्या मुलीच्या वेळी हैदराबादेत आम्ही दोघं याच पेचातून गेलो, तेव्हा डॉक्टरांकडून आणि स्तनपान सल्लागार ताईंकडून जे समजलं ते इथे मांडतो.

पहिले पंधरा दिवस

जन्मानंतर पहिल्या तीन-चार दिवसांत बाळाचं वजन कमी होतं. अंगातलं जास्तीचं पाणी आणि पहिली काळपट शी बाहेर पडते, आणि चिकाचं दूध थोडं थोडंच येत असतं. जन्मवजनाच्या 5 ते 7 टक्के घट नेहमीची मानतात. 10 टक्क्यांच्या आसपास किंवा पुढे गेली तर बाळाला आणि पाजण्याच्या पद्धतीला लगेच तपासायला हवं. साधारण 10 ते 14 दिवसांत बाळ जन्मवजनावर परत येतं.

पुढचा अंदाज असा: पहिल्या तीन महिन्यांत रोज सुमारे 25 ते 30 ग्रॅम, तीन ते सहा महिन्यांत रोज 15 ते 20 ग्रॅम, आणि त्यानंतर आणखी हळू. म्हणजे चौथ्या महिन्यात वेग मंदावणं हा वाढीचाच भाग आहे. नेमकं याच वेळी घरात "आता दूध आटलं वाटतं" सुरू होतं!

तक्ता कुणाच्या बाळांवरून बनलाय?

आमच्या कामात कुठलाही आकडा पाहिला की पहिला प्रश्न असतो, "तुलना कशाशी?" वाढीच्या तक्त्यालाही हाच प्रश्न विचारायला हवा. पूर्वी जगभर वापरला जाणारा 1977 चा अमेरिकन तक्ता ज्या बाळांवरून बनला, त्यांतली बरीचशी बाटलीचं दूध पिणारी होती. अंगावर पिणारी बाळं पहिले दोन-तीन महिने भराभर वाढतात, मग त्यांचा वेग बाटलीवरच्या बाळांपेक्षा कमी होतो. त्यामुळे जुन्या तक्त्यावर ती उगाच मागे पडलेली दिसायची.

जागतिक आरोग्य संघटनेने 1997 ते 2003 या काळात ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांत सुमारे 8,500 मुलांचा अभ्यास केला. भारतातलं केंद्र दिल्लीत होतं. आईचं दूध पिणारी बाळं हाच त्यात नमुना धरला आणि त्यावरून 2006 साली नवे तक्ते आले. आज अंगणवाडीच्या माता-बाल संरक्षण कार्डावर हेच तक्ते आहेत. त्यांच्यानुसार सहाव्या महिन्यात मुलाचं मधलं वजन 7.9 किलो आणि मुलीचं 7.3 किलो. पण मधलं म्हणजे पास व्हायचे गुण नव्हेत. निम्मी निरोगी बाळं त्या रेषेच्या खालीच असतात.

बाळ कुठल्या रेषेवर आहे यापेक्षा ते आपली रेषा धरून चाललंय का, हे महत्त्वाचं. खालच्या रेषेला समांतर जाणारं बाळ बहुधा ठीक असतं. वरच्या रेषेवरून एकामागून एक रेषा ओलांडत खाली येणारं बाळ गुटगुटीत दिसलं तरी तपासायला हवं.

वजन करण्याचीही पद्धत आहे

एका वेळच्या दुधाने काट्यावर 60 ते 100 ग्रॅमचा फरक पडू शकतो. ओला लंगोट, झबलं, दुपटं यांचं वजन वेगळंच. दोन दवाखान्यांच्या दोन काट्यांत आणखी फरक. रोज वाढ अपेक्षित 25-30 ग्रॅम, आणि मापातली चूक त्याच्या तिप्पट! म्हणून रोज वजन करून काळजी वाढवण्यात अर्थ नाही. काटा एकच ठेवा, बाळाला पूर्ण उघडं करा, शक्यतो पाजण्याआधी तोला. लहान बाळाची शंका असेल तर डॉक्टर सांगतील तसं दर काही दिवसांनी, आणि सगळं ठीक असेल तर लसीच्या वेळी, म्हणजे 6, 10 आणि 14 आठवड्यांना केलेली नोंद पुरते.

दूध पोटात जातंय का?

याची खूण आईच्या छातीच्या आकारात किंवा पंपात निघालेल्या दुधात सापडत नाही. ती लंगोटात सापडते. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर 24 तासांत किमान सहा वेळा भरपूर, फिकट रंगाची शू व्हायला हवी. पहिल्या महिन्यात दिवसाला तीन-चार वेळा पिवळी, पातळसर शी होते. सहा आठवड्यांनंतर काही बाळांना दोन-तीन दिवस शी होत नाही. बाळ मजेत असेल आणि वजन वाढत असेल तर त्यात घाबरण्यासारखं नसतं.

पिताना पाहा: तोंड मोठं उघडलेलं, खालचा ओठ बाहेर वळलेला, हनुवटी छातीला टेकलेली, फक्त स्तनाग्र नव्हे तर भोवतीचा गडद भागही तोंडात. सुरुवातीला भराभर चोखणं, मग पान्हा फुटला की संथ, खोल घोट आणि गिळल्याचा आवाज. आईला टोचल्यासारखं दुखत राहिलं, स्तनाग्राला भेगा पडल्या, किंवा बाळाचे गाल आत ओढले गेले, तर पकड चुकते आहे.

आमच्या मुलीचं जन्मवजन 2.9 किलो होतं. चौदाव्या दिवशी ते 2.76 होतं आणि एकविसाव्या दिवशी 2.85. आठवड्यात फक्त 90 ग्रॅम. तपासणीत आजार काही निघाला नाही. सल्लागार ताईंनी एक पूर्ण पाजणं शांतपणे पाहिलं आणि दोन गोष्टी सांगितल्या: पकड वरवरची आहे, आणि बाळ पाच मिनिटांत झोपी जातं. पकड दुरुस्त केली, दर दोन-अडीच तासांनी उठवून पाजलं, पिताना पेंगली की छाती हलकेच दाबून दुधाची धार चालू ठेवली, आणि काही दिवस काढलेलं दूध बोंडल्याने दिलं. पुढच्या आठवड्यात 190 ग्रॅम वाढले. सहाव्या महिन्यात ती 6.4 किलोची झाली, म्हणजे मधल्या रेषेच्या खालीच. पण आपल्या रेषेवर ठाम.

दूध वाढतं कसं?

हिशोब सोपा आहे: जेवढं दूध बाहेर जातं, तेवढं नवं बनतं. भरलेल्या छातीत दूध बनण्याचा वेग मंदावतो, रिकामी झाली की वाढतो. म्हणून 24 तासांत 8 ते 12 वेळा पाजणं, आणि त्यात रात्रीचं पाजणं न सोडणं, हा पहिला उपाय. दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं. एक बाजू पूर्ण संपू द्या, मग दुसरी. शेवटी येणाऱ्या दुधात स्निग्धांश जास्त असतो. अळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू आईला ताकद देतात, ते आनंदाने खावेत. पण पकड चुकीची असेल तर लाडवांनी वजन वाढत नाही.

सहा महिन्यांपर्यंत पाणी, मध, गुटी, ग्राइप वॉटर काही नको. हैदराबादच्या मे महिन्यातही आईच्या दुधातलं पाणी बाळाला पुरतं. चमचाभर पाण्याने भरलेल्या पोटात तेवढं दूध कमी जातं, आणि मधातून वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझमचा गंभीर आजार होऊ शकतो.

कधी कधी कारण आईच्या तब्येतीत असतं: थायरॉइड, प्रसूतीत झालेला मोठा रक्तस्राव, वारेचा तुकडा आत राहणं, पूर्वीची छातीची शस्त्रक्रिया. कधी बाळाची जीभ खाली बांधलेली असते, लघवीचा संसर्ग असतो किंवा हृदयाचा दोष असतो. हे निदान डॉक्टरांचं काम. आणि त्यांनी वरचं दूध द्यायला सांगितलं तर ते अपयश नाही. ते औषधासारखं, सांगितलं तेवढं द्यावं. पहिली पसंती आईच्या काढलेल्या दुधाला, मग मिळालं तर दुग्धपेढीतल्या दुधाला. आशियातली पहिली दुग्धपेढी 1989 साली मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. तेही नसेल तर डब्याचं दूध, स्वच्छ वाटी-चमच्याने.

वाट पाहू नका

पुढचं काही दिसलं तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे जा:

- दिवसभरात सहापेक्षा कमी शू, किंवा ती गडद पिवळी किंवा विटकरी
- बाळ उठवूनही उठत नाही, पीत नाही, अंग सैल पडलंय
- टाळू खोल गेली, तोंड कोरडं
- ताप, किंवा अंग गार पडणं
- पिताना घाम, धाप, ओठ निळसर
- हिरवी उलटी, किंवा कावीळ तळपायांपर्यंत
- दोन आठवडे उलटूनही जन्मवजन परत आलेलं नाही

घरातल्यांसाठी

पाजणं आईलाच करावं लागतं, पण बाकी सगळं वाटून घेता येतं. ढेकर काढणं, लंगोट बदलणं, रात्री बाळ उठवून आईकडे देणं, शू-शीची नोंद ठेवणं ही बाबांची कामं. आजीला "तुमचं जुनं झालं" म्हणण्यापेक्षा कार्डावरचा आलेख तिच्यासमोर ठेवा आणि समजावून सांगा. आमच्या सासूबाईंनी तो पाहिला, आणि पुढच्या वेळी शेजारच्या काकूंनी "बारीकच दिसते हो" म्हटल्यावर त्यांनीच उत्तर दिलं, "बारीक आहे, पण तिच्या रेषेवर आहे."

तुमच्याही घरी तान्हं बाळ असेल तर आज कार्ड काढा, मागच्या तीन नोंदी रेषेवर मांडून पाहा. रेष चढती असेल तर आईला निवांत झोपू द्या. आडवी किंवा उतरती असेल तर उद्याची वेळ आजच घ्या.