मुंबईत घर एवढे महाग का?

माझे मामा दादरला नोकरी करतात, पण राहतात लांब बदलापूरला. दिवाळीत आले तेव्हा मी विचारले, "मामा, कामाजवळच घर का नाही घेतलंत?" मामा म्हणाले, "अगं, सिमेंटचं पोतं दोन्हीकडे जवळपास त्याच भावाला मिळतं. महाग असते ती जागा!"

मुंबई पूर्वी सात बेटांची होती. मधल्या खाड्या बुजवून ती एक केली. तरी तीन बाजूंना पाणीच, म्हणून शहर वाढले ते उत्तरेकडे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी सुरू झाली आणि पुढे रुळांच्या कडेने वस्ती वाढत गेली. त्यामुळे घर बघताना तिथले लोक आधी विचारतात, स्टेशन किती लांब? चालत जाता आले तर भाव जास्त, रिक्षा लागली तर कमी. आपल्याकडे नाही का, फाट्याजवळची जागा आतल्या आळीपेक्षा महाग? तसेच ते.

खाडीवर १९७३ साली वाशीचा पूल झाला, १९९२ साली वाशीला लोकल आली, तशी पलीकडची जमीनही महागली.

मामांच्या घराचे हप्ते अजून चालू आहेत. ते पहाटेच्या लोकलने जातात. रात्री परत येतात तेव्हा माझा मामेभाऊ झोपलेला असतो.