द्राक्षबागेतलं ‘मोला’चं गणित

माहीत आहे का? पिंपळगाव बसवंतच्या द्राक्षबागेत बोर्डो फवारणीसाठी येणाऱ्या एक किलो मोरचुदात तब्बल ३६० ग्रॅम पाणी असतं! हात लावा, खडा ठणठणीत कोरडा.

पटत नाही? चला, बेरीज मारू. तांबं ६३.५५, गंधक ३२.०६, ऑक्सिजनचे चार अणू ६४. शिवाय स्फटिकात दडून बसलेले पाण्याचे पाच रेणू, म्हणजे ९०.०८. टोटल सुमारे २४९.७ ग्रॅम. हेच मोरचुदाचं मोलर वस्तुमान, म्हणजे एका मोलचं वजन! त्यात तांबं किती? किलोमागे जेमतेम पाव किलो. खडा तापवा, पाणी उडतं आणि निळा रंग गायब. पांढऱ्या भुकटीवर थेंबभर पाणी टाका, निळाई हजर!

आणि बोर्डोची स्टोरी तर एकदम फिल्मी. फ्रान्समध्ये वाटसरूंनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींना मोरचूद-चुना फासायचे. नेमक्या त्याच वेली डाऊनी रोगातून वाचल्या! प्राध्यापक मिलार्दे यांनी हे हेरलं आणि १८८५मध्ये मिश्रण जाहीर केलं. उपाय चोरावर, पळाला रोग!

आता कांदा. चिरताना रडवणाऱ्या त्या वायूचं मोलर वस्तुमान ९०.१४. वर मोरचुदातलं पाणी किती होतं? ९०.०८! खड्यातलं पाणी विरुद्ध डोळ्यांतलं पाणी, मॅच जवळपास टाय.

टोमॅटोचा लाल लायकोपिन आणि गाजराचा केशरी बीटा-कॅरोटीन: दोघांचं वस्तुमान सेम, सुमारे ५३७. अणू तेवढेच, मांडणी वेगळी, रंग वेगळा!

द्राक्षातली साखरही जुळ्यांची जोडी. ग्लुकोज १८०.१६, फ्रुक्टोज १८०.१६. गोडीत मात्र फ्रुक्टोज पुढे. याच साखरेची वाइन करायची म्हटलं, तर हिशेबाने १८० ग्रॅममधून अल्कोहोल ९२ ग्रॅम. उरलेले ८८? कार्बन डायऑक्साइड होऊन हवेत छूमंतर!

माझा फेव्हरिट मात्र बागायतदारांचा लाडका ‘जीए’, म्हणजे जिबरेलिक अॅसिड. जपानमध्ये भाताची रोपं एका बुरशीमुळे वेड्यासारखी उंच वाढायची, त्या रोगातून याचा शोध लागला. आज तोच जीए घड लांबवतो. मोलर वस्तुमान ३४६.३८. दहा पीपीएम हवंय? शंभर लिटर पाण्याला फक्त एक ग्रॅम.

फक्त? एका मोलमध्ये ६.०२२१४०७६ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके कण. २० मे २०१९ पासून हा आकडा कायमचा लॉक. त्याला ३४६.३८ने भागा. त्या एका ग्रॅममध्ये जीएचे रेणू निघतात सुमारे १.७ कोटी कोटी कोटी... थांबा, शून्यंच मोजू: १७ आणि पुढे वीस शून्यं!