जुन्या गिटारची पारख

कोलकात्याची रवींद्र सरणी म्हणजे पूर्वीचा चितपूर रोड. लालबाजारच्या बाजूने या रस्त्यावर वळताच वाद्यांची दुकाने लागतात. सतार, हार्मोनियम आणि तबल्यांच्या शेजारी येथे गिटारही दिसते.

या वाद्याशी बंगालचे नाते जुने आहे. अमेरिकेत १९३२ साली विक्रीस आलेली ‘फ्राइंग पॅन’ ही पहिली यशस्वी विद्युत गिटार हवाईयन पद्धतीची, मांडीवर आडवी ठेवून वाजवायची होती. १९४०च्या दशकात टाउ मो हे हवाईयन गिटारवादक कोलकात्यात वास्तव्यास होते. पुढे सुनील गांगुली व बटुक नंदी यांनी याच वाद्यावर बंगाली गीतांचे सूर घरोघरी पोहोचविले. १९७०च्या दशकात ‘मोहीनेर घोडागुली’ या वाद्यवृंदाने बंगाली गीताला नवे वळण दिले. अशा शहरात एखाद्या घरच्या माळ्यावरून जुनी विद्युत गिटार निघाली, तर नवल नाही. प्रश्न असतो तो तिच्यावर खर्च करावा की नाही, याचा.

पहिली परीक्षा मानेची. सर्वांत जाड तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकाच वेळी दाबून धरावी. मधल्या भागात व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीइतकी फट असल्यास मान सुस्थितीत आहे. फट अधिक असल्यास मानेच्या आतील लोखंडी सळई पाव-पाव फेरा फिरवून ती कमी करता येते. मान पिळवटलेली असेल, तर मात्र सळईचा उपयोग होत नाही. असा सौदा टाळावा.

त्यानंतर पडदे. तारांखाली चर पडले असतील, तर कारागीर सर्व पडदे कानशीने एका पातळीत आणून त्यांना पुन्हा गोलाई देतो. पडदे फार झिजले असल्यास ते बदलावे लागतात व खर्च वाढतो. येथे एक सावधगिरी हवी. हवाईयन पद्धतीत तारा उंच ठेवून त्यांवर पोलादी कांडी फिरवितात. म्हणून पडदे कोरे दिसले, तरी वाद्य फारसे वापरलेले नाही असा निष्कर्ष काढू नये.

कोलकात्याच्या दमट हवेचा परिणाम धातूवर होतो. घोडीचे स्क्रू गंजतात, बटण फिरविताना खरखर येते. ही खरखर बहुधा संपर्क स्वच्छ करणाऱ्या फवाऱ्याने जाते. सुटलेली झाळ पुन्हा लावता येते. पिकअप मूक असल्यास मल्टीमीटरने तपासावा. सुस्थितीतील पिकअप सामान्यतः काही हजार ओम रोध दाखवितो. रोध अमर्याद आला, तर केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असलेले वेटोळे कोठेतरी तुटले आहे, असे समजावे. ते पुन्हा गुंडाळणे हे चिकाटीचे काम आहे.

नव्या तारा चढविल्यावर बाराव्या पडद्याचा स्वर मोकळ्या तारेच्या बरोबर एक सप्तक वर यावा; न आल्यास घोडीवरील तारेची बैठक मागे-पुढे सरकवावी.

खरेदीपूर्वी दुरुस्तीचा लेखी अंदाज घ्यावा. जुने पॉलिश खरवडू नये आणि काढलेले मूळ सुटे भाग जपून ठेवावेत. पुढे गिटार विकताना त्यांचेही मोल होते. खरेदी व दुरुस्ती मिळून खर्च नव्या वाद्याच्या किमतीजवळ जात असेल, तर निर्णय एकाच निकषावर घ्यावा: त्या गिटारचा आवाज नव्या वाद्यात मिळेल का?